सकाळचं शून्य

आमच्या साहेबांशी बोलायची एक पद्धत होती. आधी ‘साहेब’ म्हणायचं आणि थांबायचं. त्यांनी मान वर केली की मशीनचा नंबर सांगायचा. मग काम, एका वाक्यात. आणि शेवटी ‘एवढंच’. हे ‘एवढंच’ म्हणायचं राहिलं तर साहेब तसेच तुमच्याकडे बघत बसत, जणू तुम्ही अजून बोलताय. आणि नंबर राहिला तर मान पुन्हा खाली. चुकलात असं सांगत नसत. रागावत नसत. फक्त उत्तर देत नसत.

ऑफिसात नवीन आलेली मुलं पहिल्या आठवड्यात हमखास माझ्या टेबलाशी येत. “मॅडम, साहेबांना ऐकायला कमी येतं का?”

“नाही. त्यांना बोलायला कमी येतं,” मी सांगत असे, आणि वरची पद्धत समजावून देत असे. सर्व्हिसची वेळापत्रकं, सुटे भाग आणि ग्राहकांचे फोन ही माझी कामं. त्यात साहेबांचा हा विधी शिकवणं कधी येऊन बसलं ते मला कळलंही नाही.

वसई पूर्वेला, गोखिवऱ्याच्या बाजूला आमचा गाळा. आम्ही गॅस अ‍ॅनालायझर बनवतो. म्हणजे हवा हुंगणारं यंत्र. त्यात एक छोटा पंप असतो, तो हवा ओढतो आणि यंत्र तिच्यात नको तो वायू किती आहे ते आकड्यात सांगतं. आकडा मर्यादेबाहेर गेला की भोंगा वाजतो. भट्ट्यांवर, रंगाच्या कारखान्यांत, बर्फाच्या कारखान्यांत आमची मशीन्स आहेत. प्रत्येकात एक सिमकार्ड असतं. त्यामुळे ती आमच्या ऑफिसात बसून चालवता येतात, आणि ती कशी चालवायची, हे साहेबांनी ठरवलेलं होतं.

मशीनला पाठवायच्या प्रत्येक आज्ञेचा साचा होता. सुरुवातीची खूण, मशीनचा पत्ता, आज्ञेची चार अक्षरं, मग माहिती, मग सगळ्याची बेरीज जुळते की नाही हे बघायला ताळ्याचे दोन अंक, आणि शेवटची खूण. साचा वाईट नव्हता, हे मी मान्य करते. असे साचे जगभर असतात. पण इतरांची मशीन्स आज्ञा चुकली तर निदान ‘चूक’ एवढं तरी कळवतात. आमचं मशीन गप्प बसायचं. एखादं अक्षर लहान पडलं, एक जागा जास्त सुटली, ताळा चुकला, की तिकडून काहीही नाही. तार तुटली, वीज गेली की तुम्ही चुकलात, ते तुम्हीच ओळखा.

“एक चुकीचा कोड परत पाठवायला काय जातं हो?” मी एकदा त्यांना विचारलं. अर्थात आधी ‘साहेब’ म्हणून, थांबून.

“चुकीच्या आज्ञेला उत्तर नसतं,” ते म्हणाले.

हे त्यांचं ब्रीदवाक्य. आज्ञांच्या पुस्तिकेच्या पहिल्या पानावर ते छापलेलं होतं. ग्राहकाला मदत व्हावी म्हणून काढलेल्या पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर ग्राहकाला दिलेली तंबी मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही.

वालीवच्या एका भट्टीवाल्याची गोष्ट सांगते. त्यांचा माणूस सकाळपासून मशीनला आज्ञा पाठवत होता आणि मशीन बोलत नव्हतं. त्याने आधी तार बदलली. मग सिमकार्ड बदललं. दुपारी त्याने मालकाच्या शिव्या खाल्ल्या आणि शिडीवर चढून अँटेना उंच बांधली. संध्याकाळी रडकुंडीला येऊन त्याने मला फोन केला. मी साहेबांच्या टेबलाशी गेले, तर त्यांच्या पडद्यावर त्या बिचाऱ्याची प्रत्येक आज्ञा ओळीने उमटलेली. सगळ्या लहान अक्षरांत. साचा मोठी अक्षरं मागत होता. साहेब दिवसभर ते बघत होते. त्यांनी त्या पडद्यासमोर डबा खाल्ला होता, दुपारचा चहा घेतला होता.

“साहेब. वालीवचं अठरा नंबरचं मशीन. तुम्ही त्याला सांगितलं का नाही? एवढंच.”

“शिकला ना?” साहेब म्हणाले.

शिकला. पुढच्या वर्षी त्या भट्टीने दुसऱ्या कंपनीचं मशीन घेतलं.

घरीही हेच असावं. गणपतीला त्यांच्याकडे गेलो होतो तेव्हा वहिनींनी मोदक वाढता वाढता सांगितलं, “आमच्याकडे आमटीत मीठ नसलं तर कळत नाही हो. हे ताट सरकवतात आणि गप्प. मग मी एकेक डबा आठवत बसते, काय राहिलं, काय राहिलं.” सगळे हसले. वहिनी हसल्या नाहीत. साहेब शेजारी बसून मोदकाच्या कळ्या मोजत होते.

या माणसाला एकच पूजा ठाऊक होती. सकाळी आले की चष्मा पुसायचा, खुर्ची टेबलाला समांतर करायची, आणि सगळ्या मशीन्सना एकदम ‘शून्य’ ही आज्ञा पाठवायची. पत्त्याच्या जागी दोन शून्यं घातली की आज्ञा एकाच मशीनला न जाता सगळ्यांना जाते. मशीन्स ती पाळतात, पण अशा आज्ञेला कुणीच उत्तर देत नाही, नाहीतर सगळी एकदम बोलायला लागतील.

“सगळ्यांना एकदम. उत्तराची अपेक्षा नाही,” साहेब बटण दाबून म्हणायचे. गीतेतला श्लोक म्हटल्यासारखे.

“मग त्यांनी ऐकलं की नाही हे कसं कळणार?”

“ऐकतातच.”

आता ‘शून्य’ म्हणजे काय हे इथे सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. हुंगणारं यंत्र हळूहळू भरकटतं. स्वच्छ हवेतही थोडा आकडा दाखवायला लागतं. म्हणून अधूनमधून त्याला सांगावं लागतं, की आत्ता तुझ्या नाकाशी जी हवा आहे ती स्वच्छ धर, इथून पुढे मोज. यात अट एकच. ती हवा खरोखर स्वच्छ हवी. आणि ती स्वच्छ आहे की नाही, हे तिथे उभ्या असलेल्या माणसाला विचारावं लागतं.

साहेब कुणालाही विचारत नसत. तिथल्या माणसाला फोन करायचा म्हणजे ‘हॅलो, कसे आहात, पाऊस आहे का’ असल्या गोष्टी आल्या, आणि त्यांना साचा नव्हता. साहेब कुठल्याही साइटवर कधीही गेलेले नव्हते. “मशीनला विचारता येतं, मग माणसाला कशाला?” असं म्हणायचे.

पाचूबंदरला रोजीमावशींचा बर्फाचा कारखाना आहे. मावशी म्हणजे अंगावर ठसठशीत सोनं, आवाज होडीवरून धक्क्यावर पोहोचेल असा, आणि कारखान्याखेरीज स्वतःच्या होड्या. होड्या समुद्रात निघायच्या आधी खलाशी तिथून बर्फ भरून घेतात. बर्फ बनवायला अमोनिया लागतो. तो नळ्यांतून फिरत असतो आणि बाहेर आला तर डोळे आणि छाती जाळतो. काही वर्षांपूर्वी तसा तो एकदा बाहेर आला होता, आणि मावशींच्या भाच्याची, पास्कूची, दृष्टी गेली. तेव्हापासून पास्कू कारखान्याच्या दाराआतल्या स्टुलावर बसून फोन घेतो. कुठल्या होडीला किती लाद्या हव्यात, हे तो तोंडपाठ ठेवतो.

मशीन घ्यायला मावशी स्वतः आमच्या गाळ्यावर आल्या होत्या.

“गो बाय,” त्या मला म्हणाल्या, “माज्या कारखान्यात वास रोजचाच हाय. थोडा थोडा येतोच. नाकाला आता त्याची सवय झाली. म्हनून मला असं नाक पायजे ज्याला सवय होत नाय. हे ओरडंल ना?”

“ओरडेल, मावशी. तुमच्या आधी ओरडेल,” मी सांगितलं. हे वाक्य मी साहेबांच्या टेबलासमोर उभं राहून बोलले होते. त्यांनी मान वर केली नाही.

मशीन बसलं. मावशींनी त्यावर झेंडूची माळ आणि शेजारी मदर मेरीची छोटी तसबीर लावली. पास्कूचं स्टूल त्याच्या बरोबर खाली.

पुढे कधीतरी एका नळीच्या सांध्यातून अमोनिया झिरपू लागला. अगदी थोडा. पहिल्या दिवशी मशीनने तो ओळखला असता, दुसऱ्या दिवशी जास्त ओळखला असता, आणि आकडा चढत चढत मर्यादेपर्यंत जाऊन भोंगा वाजला असता. पण रोज सकाळी साहेबांची पूजा होत होती. जेवढा अमोनिया आदल्या दिवशी हवेत जमलेला असे, तेवढा मशीन दुसऱ्या सकाळी स्वच्छ हवा म्हणून पदरात घेई. रोज थोडी वाढ, रोज सकाळी पुसलेली. सवय न होणारं नाक मागितलं होतं मावशींनी. साहेबांनी त्याला रीतसर सवय लावली.

त्या सकाळी मी नुकतीच येऊन बसले होते. साहेबांचं बटण दाबून झालं होतं. त्यांचा फोन वाजला आणि पलीकडून मावशींचा आवाज मला माझ्या टेबलापर्यंत ऐकू आला.

“आरं बाबा, वास लय मारतो! तुजी मशीन गप कशी?”

साहेब गप्प. मशीनचा नंबर आला नव्हता.

“आयकतो का? डोल्यातून पानी येतं सगल्यांच्या!”

साहेबांनी पडद्याकडे पाहिलं. तेवढी मेहरबानी केली. “शून्य आहे,” ते म्हणाले. “आत्ताच केलंय.” आणि फोन ठेवला.

लगेच माझा फोन वाजला. मी उचलता उचलताच ओरडले, “मावशी, सगळ्यांना बाहेर काढा!”

“कवाच काढले! तुला इचारून काढू काय?” मागे खोकण्याचे आवाज, कुणाच्या तरी पळण्याचे आवाज. मग मावशींचा आवाज एकदम वेगळा झाला. “पास्कू कुठं हाय? आगो, पास्कूला कोनी आनला का?”

फोन बंद झाला नाही. तो नुसता कुठेतरी पडला असावा. मी ऐकत राहिले. धावाधाव, लोखंडी दार, कुणीतरी ‘नलीचा वाल बंद कर, वाल बंद कर’ म्हणत होतं. माझ्या समोर साहेब दुसऱ्या कुठल्याशा मशीनचा ताळा तपासत होते.

पास्कू मिळाला. तोंडावर ओला पंचा धरून दोघा खलाशांनी त्याला उचलून आणलं. दोन दिवस तो सरकारी दवाखान्यात राहिला आणि परत आला, छातीत थोडी घरघर घेऊन. पण त्या सकाळी धक्क्यावर बसवल्यावर तो जे म्हणाला, ते मी विसरलेले नाही. सगळे पळत होते, मग तू का बसून राहिलास, असं मावशी त्याला विचारत होत्या. शिव्या देत विचारत होत्या.

“मशीन ओरडली नाय ना,” पास्कू म्हणाला. “म्हनून बसलो.”

हे मी स्वतः ऐकलं, कारण दवाखान्याची गाडी यायच्या आत मी तिथे पोहोचले होते. आणि साहेबांना घेऊन गेले होते. कसं, ते विचारू नका. मी त्यांच्या टेबलाची वीज काढली आणि म्हणाले, “साहेब. पाचूबंदरचं एकतीस नंबरचं मशीन. उठा. एवढंच.” साचा बरोबर होता. ते उठले. रिक्षा वसईच्या किल्ल्याशी वळली. बोंबील सुकत घातलेल्या बांबूंच्या वलांडीजवळ त्यांनी रुमाल नाकाला लावला, तेवढीच त्यांची हालचाल.

दारं उघडून हवा खेळती केलेली होती, तरी आत पाऊल टाकल्यावर डोळ्यांना धार लागली. साहेब मशीनसमोर उभे राहिले. माळ, मदर मेरी, आणि मधे आकडा. शून्य. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं, ते दुःखाचं नव्हतं, अमोनियाचं होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा आकडा वाचला.

“आज्ञा बरोबर होती,” ते म्हणाले.

पाचूबंदरला शिव्यांचा तुटवडा नाही. त्या क्षणी धक्क्यावरच्या कुणीही त्यांना खाडीत टाकलं असतं तर मी पंचनाम्याला साक्षीदार म्हणून सही केली नसती. पण मावशी शांत झाल्या. त्यांनी साहेबांचा दंड धरला आणि त्यांना पास्कूच्या स्टुलावर बसवलं. आत, मशीनखाली.

“बस,” मावशी म्हणाल्या. “तुजी आज्ञा बरोबर. आता माजी आयक. सकालचं ते तुजं जे काय हाय, ते मला इचारल्याबिगर करायचं नाय.”

“फोन करायचा?” साहेबांचा चेहरा पडला. अमोनियाने पडला नव्हता तेवढा.

“फोन करायचा. पन तुज्यासारखा नाय. पयलं ‘मावशी’ म्हनायचं. मग पास्कू कसा हाय ते इचारायचं. मग वारा कुठला ते. वारा कलला तर पलायचं कुठं ते कलतं. मग वास हाय का ते इचारायचं. मी दारात जाऊन बघंन, पोरांना इचारंन. मग मी बोलंन, कर. तवा कर.”

आणि मग ती गोष्ट झाली जी मी इतकी वर्षं सांगते आहे आणि कुणी खरी मानत नाही. साहेबांच्या चेहऱ्यावर त्या दिवशी पहिल्यांदा जीव आला. त्यांनी खिशातलं पेन काढलं.

“क्रम हाच?” त्यांनी विचारलं.

“ह्योच.”

“आणि एखादं राहिलं तर?”

मावशींनी त्यांच्याकडे नीट बघून घेतलं. मला वाटतं, तेव्हाच त्यांना हा प्राणी कळला. मला कळायला कितीतरी जास्त वेळ लागला होता.

“तर मी गप,” मावशी म्हणाल्या.

“बरोबर आहे,” साहेब म्हणाले. आणि मनापासून म्हणाले.

आमच्या कंपनीच्या मालकांनी सगळ्यांना एकदम शून्य करणं त्याच दिवशी बंद केलं. प्रत्येक साइटला विचारूनच शून्य करायचं, आणि विचारायचं काम माझ्याकडे. फक्त पाचूबंदरचा फोन साहेबांनी करायचा, ही मावशींची अट होती.

पहिल्या सकाळी ते खुर्चीत ताठ बसले. “मावशी,” ते म्हणाले. थांबले. “वारा कुठला?”

तिकडून काहीही नाही.

“वारा कुठला?” साहेब मोठ्याने म्हणाले. मग रेंज नसेल म्हणून खिडकीशी गेले. मग फोन झटकला. मग बंद करून पुन्हा लावला. “मावशी. वारा कुठला. वास आहे का.” पलीकडे होडीच्या इंजिनचा आवाज स्पष्ट येत होता. मावशी श्वास घेत होत्या तोही येत होता.

पास्कू राहिला होता. मला समोर बसून ते दिसत होतं. मी चहा घेतला, त्या दिवशी जाणाऱ्या सुट्या भागांवर पत्ते चिकटवले, फोनवर दुसऱ्या दोन ग्राहकांची कामं उरकली. साहेब फोन लावत होते, गप्प बसत होते, पुन्हा लावत होते. वालीवच्या शिडीवरचा माणूस माझ्या डोळ्यांसमोर येत होता, आणि चहा फार छान झाला होता. शेवटी त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“तुम्हाला माहीत होतं काय राहिलं ते?”

“शिकलात ना?” मी म्हणाले.

शिकले. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत त्यांचा तो फोन कधी चुकला नाही. मावशी, पास्कू कसा आहे, वारा कुठला, वास आहे का. त्याच क्रमाने, त्याच आवाजात. पास्कूला ताप होता तेव्हा “ताप हाय” या उत्तरानंतरही लगेच “वारा कुठला?” आमच्या ऑफिसात काही हळव्या मंडळींना वाटायचं, की त्या प्रसंगानंतर साहेब बदलले, माणसांची चौकशी करायला लागले. निरोपाच्या दिवशी कुणीतरी भाषणात तसं म्हणालंही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. हा माणूस इंचभरही बदलला नव्हता. त्याला फक्त एक नवा साचा मिळाला होता. मला तर शंका आहे, की ‘पास्कू’ म्हणजे एक हाडामांसाचं माणूस आहे हे त्यांच्या ध्यानात होतं की नाही. पुस्तिकेची नवी आवृत्ती त्यांनी जाताना काढली, त्यात ‘शून्य’ या आज्ञेखाली ‘आधी स्थळावरील व्यक्तीस विचारावे’ अशी ओळ घातली आणि पुढे छापलं, ‘सुधारणा’, आणि स्वतःचं नाव. मावशींचं नाही. पास्कूचं नाहीच नाही. पहिल्या पानावरचं ब्रीदवाक्य होतं तिथेच होतं.

आता साहेब आगाशीला राहतात. पाचूबंदरचा फोन मी करते. निवृत्तीच्या दुसऱ्याच सकाळी मी तो लावला. “मावशी,” म्हटलं, “पास्कू कसा आहे?” क्रम मी मोडत नाही. मावशींशी क्रम मोडायची माझी छाती नाही.

“पास्कू बरा हाय. पन तू लेट झाली, बाय. तुज्या आधी त्याचा येऊन गेला.”

“कुणाचा?”

“तुज्या साहेबाचा.”

“त्यांचा? आता त्यांच्याकडे मशीन नाही काही नाही. काय म्हणाले?”

“सगलं. मावशी. पास्कू कसा हाय. वारा कुठला. वास हाय का. पयल्यापासून शेवटपर्यंत, एक अक्षर इकडं तिकडं नाय.”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“आता सगलं बरोबर बोल्ला तर मी काय करनार? दारात जाऊन बघून आले आन् बोल्ले, कर.”

“काय कर?”

“ते मी नाय इचारलं,” मावशी म्हणाल्या. “वारा आज खाडीचा हाय. वास नाय. तू कर तुजं.”